मोळीतली कुऱ्हाड : ‘फॅसिझम’ या शब्दाचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एक गृहस्थ भेटले. त्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी गच्चीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली होती. गृहस्थ तावातावाने म्हणाले, “सर, शुद्ध फॅसिस्ट माणूस आहे हो!” शेजारी पदवीच्या वर्गातली एक विद्यार्थिनी उभी होती. ती म्हणाली, “सर, हा शब्द आता बंदच करायला हवा. सगळेच सगळ्यांना तो लावतात. त्याला अर्थ असा काही उरलेलाच नाही.”

त्या दोघांनी मिळून मला आजचा विषय दिला. एकाला हा शब्द गच्चीच्या कुलपापर्यंत ओढायचा होता, दुसरीला तो कोशातूनच काढून टाकायचा होता. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी आज मी या शब्दाचाच इतिहास मांडणार आहे. कारण या दोन्ही चुका आधी होऊन गेलेल्या आहेत. एक इटलीत झाली, एक जर्मनीत झाली, आणि दोन्हींची किंमत लोकांनी प्राणांनी मोजली.

माझा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा सुरुवात थोडी तिकडून करतो. आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष सांगितले आहेत. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकताना गायीचं उदाहरण भेटतंच. ‘जिला शिंगं असतात ती गाय’ असं म्हटलं तर म्हैसही गाय ठरते. ही अतिव्याप्ती. ‘जी कपिला असते ती गाय’ असं म्हटलं तर पांढरी गाय दारात उभी असून आपल्याला दिसत नाही. ही अव्याप्ती. वर्गात मुलं हे उदाहरण ऐकून हसतात. गाय-म्हशीच्या बाबतीत हसायला हरकत नाही. पण राजकारणातल्या शब्दांना हेच दोष जडले की काय होतं, ते आपल्याला पाहायचं आहे.

आता शब्दाकडे येऊ. इटालियन भाषेत ‘फाशो’ म्हणजे जुडी, पेंढी, मोळी. तुम्ही-आम्ही शाळेत ‘एकीचे बळ’ ही गोष्ट वाचलेली आहे. म्हातारा शेतकरी भांडणाऱ्या मुलांना एकेक काटकी मोडायला देतो, ती कटाकट मोडते. मग मोळी देतो, ती कुणालाच मोडत नाही. बस्स, ‘फाशो’ या शब्दाच्या मुळाशी एवढाच अर्थ आहे. एकजूट. त्याचं अनेकवचन ‘फाशी’ असं उच्चारतात. आपल्याकडे हिंदीच्या वळणाने ‘फाशीवाद’ हा शब्द आला, तेव्हा पुष्कळांना वाटलं की लोकांना फाशी देणाऱ्यांचा हा वाद असणार. मला परीक्षेच्या पेपरात असं उत्तर मिळालेलं आहे. आपली ‘फाशी’ पाशापासूनची आहे, इटलीतली मोळीपासूनची. ध्वनी जुळला, इतकंच. म्हणून मी स्वतः ‘फॅसिझम’ असंच म्हणतो.

या मोळीचा एक पूर्वज प्राचीन रोममध्ये आहे. तिथे कॉन्सल बाहेर निघाला की त्याच्यापुढे बारा चोपदार चालत. प्रत्येकाच्या खांद्यावर छड्यांची जुडी असे आणि तिच्यात कुऱ्हाड खोचलेली असे. छड्या फटक्यांसाठी, कुऱ्हाड शिरच्छेदासाठी. पण यातली खरी गंमत पुढे आहे. रोम शहराच्या पवित्र सीमेच्या आत आल्यावर जुडीतली कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, कारण शहरात नागरिकाला दाद मागण्याचा हक्क होता. त्याचा जीव अधिकाऱ्याच्या लहरीवर नव्हता. अपवाद एकच, संकटकाळी नेमलेला डिक्टेटर. त्याचे चोपदार शहरातही कुऱ्हाडीसकट फिरत. ही कुऱ्हाड लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

नुसत्या चिन्हाने काही सिद्ध होत नाही, हेही सांगून ठेवतो. हीच मोळी फ्रेंच प्रजासत्ताकाने वापरली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अध्यक्षांच्या आसनामागच्या भिंतीवर ती आहे, आणि लिंकन स्मारकातल्या पुतळ्याचे हात ज्यावर टेकले आहेत त्या आसनावरही आहे. चिन्ह सगळ्यांचं असतं. त्याचं पुढे काय केलं जातं, हा प्रश्न महत्त्वाचा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘फाशो’ हा शब्द इटलीत चक्क डाव्यांचा होता. १८९१ ते १८९४ या काळात सिसिलीमध्ये शेतमजूर, कुळं आणि गंधकाच्या खाणीतले कामगार यांनी संघटना बांधल्या. त्यांचं नाव ‘फाशी सिसिलियानी’. त्यांना खंड कमी करून हवा होता, मजुरी वाढवून हवी होती. पंतप्रधान क्रिस्पी हे स्वतः सिसिलीचे, तरुणपणी गॅरिबाल्डीचे साथीदार. त्यांनीच १८९४च्या जानेवारीत लष्करी कायदा पुकारून ही चळवळ चिरडली. म्हणजे त्या काळी एखाद्या सिसिलियन जमीनदाराला कुणी ‘फाशोवाला आला’ म्हटलं असतं, तर त्याला लाल झेंडा घेतलेला मजूर आठवला असता.

पुढे १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. इटलीने त्यात पडावं असं म्हणणाऱ्या डाव्या गटांनी आपल्या मंडळांना हेच नाव दिलं. मुसोलिनी तेव्हा समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या मुखपत्राचा संपादक होता. युद्धाचा पुरस्कार केला म्हणून पक्षाने त्याला काढलं आणि तो या मंडळांत सामील झाला. १९१७मध्ये कापोरेत्तोच्या लढाईत इटलीचा दारुण पराभव झाला, तेव्हा संसदेतल्या युद्धवादी सभासदांनीही आपल्या गटाला ‘फाशो’च म्हटलं. मोळी हळूहळू एका हातातून दुसऱ्या हातात जात होती.

२३ मार्च १९१९ रोजी मिलान शहरात, सान सेपोल्क्रो चौकातल्या एका सभागृहात मुसोलिनीने आपली संघटना स्थापन केली. नाव ‘फाशी इतालियानी दि कोंबात्तिमेन्तो’, म्हणजे इटालियन लढाऊ जथे. तिचा त्या वर्षीचा जाहीरनामा आज वाचला तर माणूस गोंधळून जातो. स्त्रियांना मताधिकार, आठ तासांचा दिवस, भांडवलावर चढता कर, युद्धातल्या नफ्याचा ८५ टक्के भाग जप्त, चर्चची मालमत्ता सरकारजमा. नोव्हेंबर १९१९च्या निवडणुकीत मिलानमध्ये त्यांना पाच हजारांहूनही कमी मतं पडली आणि एकही जागा मिळाली नाही. विरोधकांना वाटलं, संपला हा माणूस.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. जाहीरनामा यायच्याही आधी, मुसोलिनीच्या माणसांनी ‘अवांती’ची कचेरी जाळली होती. ज्या वर्तमानपत्राचा तो कालपरवापर्यंत संपादक होता, तीच कचेरी. आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. जाहीरनाम्यातली कलमं पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेक करून गळून पडली. कचेरी जाळण्याची रीत मात्र टिकली आणि वाढली. १९२०च्या हिवाळ्यापासून पो नदीच्या खोऱ्यात काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या ट्रकमधून गावोगाव जाऊ लागल्या. सहकारी संस्था जाळायच्या, कामगारांची सभागृहं फोडायची, पुढाऱ्यांना सोटे मारायचे, बळजबरीने एरंडेल पाजायचं. एरंडेल ऐकून तुम्हाला हसू आलं. त्यांनाही तेच हवं होतं. गावासमोर माणसाची अब्रू गेली की तो पुन्हा सभेत उभा राहत नाही. ट्रकला आणि पेट्रोलला पैसे मोठे जमीनदार देत होते. पोलीस पाठ फिरवत होते.

इथे पहिली चूक झाली, अव्याप्तीची. इटलीतल्या शहाण्यासुरत्या उदारमतवाद्यांना यात नवीन काही दिसलंच नाही. ते म्हणाले, युद्धावरून परतलेली तरणी पोरं आहेत, थोडी दांडगाई करणारच. पाच वेळा पंतप्रधान झालेले जोलित्ती यांनी मे १९२१च्या निवडणुकीत फॅसिस्टांना आपल्याच आघाडीत घेतलं. संसदेत बसले की माणसाळतील, असा हिशोब. ३५ फॅसिस्ट निवडून आले, त्यांत मुसोलिनी होता. नोव्हेंबर १९२१मध्ये चळवळीचा रीतसर पक्ष झाला. ऑक्टोबर १९२२मध्ये काळे सदरे रोमकडे निघाले. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. राजाने त्यावर सही केली नाही. ज्याला ‘रोमवरची चाल’ म्हणतात तिचा नायक मिलानहून रात्रीच्या रेल्वेगाडीने आरामात आला आणि ३० ऑक्टोबरला पंतप्रधान झाला. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात बहुसंख्य मंत्री इतर पक्षांचे होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आणखी एक आघाडी सरकार आलं, दुसरं काय?

१९२४च्या मे महिन्यात समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांनी संसदेत उभं राहून निवडणुकीतली दहशत आणि गैरप्रकार यांचा पाढा वाचला. १० जूनला रोममध्ये भररस्त्यातून त्यांना मोटारीत कोंबून नेलं. ऑगस्टमध्ये प्रेत सापडलं. आणि ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने संसदेत येऊन जे जे घडलं त्याची जबाबदारी आपली आहे असं सांगितलं. त्याला कुणी अटक केली नाही. मघाची कुऱ्हाड आठवा. ती आता शहराच्या सीमेच्या आत आली होती, आणि दाद मागायला जागा उरली नव्हती. १९२६ अखेर बाकीचे पक्ष बेकायदा झाले. त्याच वर्षी कुऱ्हाड खोचलेली मोळी राज्याचं अधिकृत चिन्ह झाली.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला या कहाणीतला एक भाग जास्त टोचतो. बेनेदेत्तो क्रोचे आणि जोव्हानी जेन्तीले हे त्या काळातले इटलीचे दोन थोर तत्त्वज्ञ. जुने मित्र, वर्षानुवर्षं एका नियतकालिकात बरोबरीने लिहिणारे. जेन्तीले मुसोलिनीचा शिक्षणमंत्री झाला. क्रोचे फॅसिस्ट नव्हता, पण मात्तेओत्तींच्या अपहरणानंतर सिनेटमध्ये विश्वासाचा ठराव आला तेव्हा त्यानेही मुसोलिनीच्या बाजूने मत दिलं. एवढा मोठा विचारवंत, आणि दारातली गाय त्याला दिसली नाही. १९२५च्या एप्रिलमध्ये जेन्तीलेने फॅसिस्ट बुद्धिजीवींचा जाहीरनामा काढला, तेव्हा क्रोचेने १ मे रोजी विरोधी जाहीरनामा लिहिला. त्याला उशीर झाला होता, पण त्याने चूक सुधारली आणि पुढची अठरा वर्षं तो त्या बाजूला उभा राहिला.

त्यांच्यापेक्षा आधी ज्याला दिसलं, त्या माणसाचं नाव जोव्हानी अमेन्दोला. हा पत्रकार आणि उदारमतवादी खासदार. मे १९२३मध्ये, मात्तेओत्तींच्या खुनाच्या वर्षभर आधी, त्याने आपल्या वर्तमानपत्रात या राजवटीसाठी एक विशेषण वापरलं, ‘तोतालितारियो’. आपण मराठीत ‘सर्वंकष’ म्हणतो. यांना निवडणूक जिंकून थांबायचं नाही, यांना सगळंच हवं आहे, असा त्याचा रोख होता. शब्द टीकेचा होता. पण दोन वर्षांत मुसोलिनीने तो उचलला आणि अभिमानाने स्वतःला लावून घेतला. अमेन्दोलाला फॅसिस्टांनी १९२५च्या जुलैमध्ये गाठून बेदम मारलं. त्या मारातून तो सावरला नाही, १९२६च्या एप्रिलमध्ये वारला. योग्य शब्द योग्य वेळी वापरणारे असे फार थोडे असतात, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. ‘फॅसिझमचा सिद्धान्त’ हा प्रसिद्ध लेख इटालियन विश्वकोशात १९३२ साली आला. सही मुसोलिनीची, पहिला भाग लिहिला जेन्तीलेने. म्हणजे सत्ता मिळाली १९२२ला आणि तत्त्वज्ञान आलं दहा वर्षांनी. मार्क्सवादात ग्रंथ आधी आहे, क्रांती नंतर. इथे सोटा आधी, ग्रंथ नंतर. म्हणूनच जो कुणी फॅसिझमची व्याख्या त्याच्या ग्रंथात शोधतो, तो फसतो. ती त्याच्या वागण्यातच शोधावी लागते.

आता जर्मनीकडे जाऊ. हिटलरचा पक्ष स्वतःला ‘राष्ट्रीय समाजवादी’ म्हणवत होता, फॅसिस्ट नाही. इटलीबाहेर या शब्दाचा विस्तार मुख्यतः विरोधकांनी केला, आणि त्यांतही कम्युनिस्टांनी. विस्तार करण्यात गैर काही नव्हतं, दोन्हींत साम्य होतंच. गैर घडलं ते पुढे. १९२८ साली मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलची सहावी काँग्रेस भरली. तिथून जी भूमिका निघाली तिचं सार असं की, लोकशाही मार्गाने जाणारे सोशल डेमोक्रॅट हेही फॅसिस्टच, ‘सोशल फॅसिस्ट’, आणि कामगारांची फसवणूक करतात म्हणून जास्त धोकादायक. ही अतिव्याप्ती. शिंगं दिसली की गाय.

या शब्दामागे राग खरा होता, हे मी लपवणार नाही. १९१९च्या जानेवारीत रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त यांचे खून झाले ते सोशल डेमोक्रॅट सरकारच्या काळात, त्या सरकारने बोलावलेल्या सैनिकी जथ्यांकडून. १९२९च्या मे दिनी बर्लिनमध्ये कामगारांवर गोळीबार करणारे पोलीस सोशल डेमोक्रॅट अधिकाऱ्याच्या हाताखालचे होते. सोशल डेमोक्रॅटही गप्प नव्हते, ते कम्युनिस्टांना लाल रंग फासलेले नाझी म्हणत. पण रागातून शब्द निवडला की विचार त्या शब्दामागे फरफटत जातो. १९३१च्या ऑगस्टमध्ये प्रशियातलं सोशल डेमोक्रॅट सरकार पाडण्यासाठी उजव्यांनी जनमत घ्यायला लावलं. नाझी त्यात होते. कम्युनिस्ट पक्षानेही त्या बाजूने मत द्यायला सांगितलं! सगळेच फॅसिस्ट म्हटल्यावर, आधी कोणाला पाडायचं हा फक्त सोयीचा प्रश्न उरतो.

आकडे बघा. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मतं आणि १९६ जागा. सोशल डेमोक्रॅटांना १२१ जागा, कम्युनिस्टांना १००. दोघांच्या मिळून २२१. आता नुसती बेरीज केली असती तर हिटलर आला नसता, असं मी म्हणत नाही. इतिहास एवढा सरळ नसतो. पण बेरीज करण्याचा विचारसुद्धा ज्यामुळे अशक्य झाला, त्यात एका शब्दाचा मोठा वाटा होता. तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ला, हिटलर चॅन्सेलर झाला. कम्युनिस्टांचा नेता एर्न्स्ट थेलमान मार्चमध्ये पकडला गेला. सोशल डेमोक्रॅटांच्या संसदीय गटाचा नेता रुडॉल्फ ब्राइटशाइड फ्रान्सला पळाला, पण पुढे तिथून त्याला नाझींच्या हवाली केलं गेलं. दोघेही बूखेनवाल्डच्या छळछावणीत मेले, दोघेही १९४४च्या ऑगस्ट महिन्यात. थेलमानला गोळी घातली होती, ब्राइटशाइड हवाई हल्ल्यात गेला. नाझींनी मात्र दोघेही हवाई हल्ल्यात मेले असं एकत्रच जाहीर केलं. हयातभर जे एका वाक्यात बसले नाहीत, ते मरणानंतर शत्रूच्या पत्रकात एका वाक्यात आले.

१९३५च्या सातव्या काँग्रेसमध्ये दिमित्रोव्ह यांनी ही चूक दुरुस्त केली आणि संयुक्त आघाडीची हाक दिली. तोवर जर्मनीत आघाडी करायला कुणी मोकळं नव्हतं. गंमत म्हणजे १९३९च्या ऑगस्टमध्ये हिटलर-स्टालिन करार झाला, तेव्हा हा शब्द सोव्हिएत प्रचारातून जवळजवळ गायब झाला. आइझेन्स्टाइनचा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ हा जर्मनविरोधी सिनेमा पडद्यावरून उतरला. जून १९४१मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या आणि शब्द आणि सिनेमा दोन्ही परत आले.

आपल्याकडे हा शब्द कसा आला? सुरुवातीला तो शिवी म्हणून आला नाही, हे आज सांगितलं तर पटत नाही. परतंत्र देशाला शिस्त, संघटना, उभारी यांचं आकर्षण असतं. १९२०च्या दशकात ‘केसरी’त इटलीतल्या नव्या राजवटीबद्दल कौतुकाने लिहिलेलं सापडतं. डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था पाहिल्या आणि त्याची नोंद डायरीत केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही त्याला भेटले. टागोर तर १९२६मध्ये त्याचे पाहुणे होते. पण इटलीतून बाहेर पडल्यावर त्यांनी परागंदा झालेल्यांची हकिगत ऐकली आणि ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीरपणे आपलं मत स्पष्ट केलं. सुभाषबाबूंनी १९३५च्या ग्रंथात कम्युनिझम आणि फॅसिझम यांच्या समन्वयाची भाषा केली. १९३८मध्ये लंडनमधल्या मुलाखतीत त्यांनी खुलासा केला की आपण ते लिहिलं तेव्हा फॅसिझमने साम्राज्यवादी स्वारी सुरू केली नव्हती. मध्ये काय घडलं होतं? ऑक्टोबर १९३५मध्ये इटलीने ॲबिसिनियावर आक्रमण केलं होतं. काळ्या माणसांच्या स्वतंत्र देशावर विमानांतून विषारी वायू टाकला गेला, तेव्हा आपल्याकडे या शब्दाचा अर्थ पालटला. मार्च १९३६मध्ये पत्नीच्या निधनानंतर परतताना नेहरूंना रोमच्या विमानतळावर मुसोलिनीच्या भेटीसाठी गळ घातली गेली, त्यांनी ठाम नकार दिला.

मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९३८मध्ये फॅसिझमच्या तत्त्वज्ञानावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. आपल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या मंडळींवर रॉय यांचा जो प्रभाव पडला, त्याच्यामागे ही बैठक होती. आणि मुंबईच्या गिरणगावात हा विषय पुस्तकातून गेलाच नाही. तिथे तो अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्टालिनग्राडचा पवाडा’मधून, डफ-तुणतुण्यावर पोचला. ज्यांना इटली नकाशात दाखवता आली नसती, त्यांनाही आपलं कोण आणि परकं कोण हे त्या पवाड्यातून कळलं.

महायुद्ध संपत आलं तेव्हा शब्द इतका झिजला होता की जॉर्ज ऑर्वेलने १९४४मध्ये एका सदरात, लोक कोणाकोणाला फॅसिस्ट म्हणतात याची यादीच केली. दुकानदार, कोल्ह्यांची शिकार करणारे, किपलिंग, आपले गांधीजी, ज्योतिष, इतकंच काय, कुत्रीसुद्धा! त्याचा निष्कर्ष असा की सामान्य इंग्रज माणूस या शब्दाचा अर्थ ‘दांडगट’ असा धरतो. पण त्याने शब्द सोडून द्या असं सांगितलं नाही. जपून वापरा, शिवीच्या पातळीवर आणू नका, असं सांगितलं.

मग जपून वापरायचा म्हणजे कसा? उम्बेर्तो एको हा लहानपणी मुसोलिनीच्या राजवटीत वाढलेला. १९९५मध्ये त्याने विट्गेन्श्टाइनच्या कुलसाम्याच्या कल्पनेचा आधार घेतला. एका घरातल्या माणसांत कुणाचं नाक जुळतं, कुणाची चाल जुळते. सगळ्यांत एकच खूण असते असं नाही. एकोने अशी चौदा लक्षणं दिली. रॉजर ग्रिफिन याने १९९१मध्ये गाभा सांगायचा प्रयत्न केला, तो म्हणजे राष्ट्राच्या पुनर्जन्माचं मिथक. आपण अधोगतीला गेलो आहोत, आता एका झटक्यात शुद्ध होऊन उठायचं आहे, हे स्वप्न. रॉबर्ट पॅक्स्टन या इतिहासकाराने २००४मध्ये वागण्यावर बोट ठेवलं. अपमानाची आणि ऱ्हासाची सतत ठुसठुस, ऐक्य आणि शुद्धतेची पूजा, झपाटलेल्या कार्यकर्त्यांचा जनाधार असलेला पक्ष, प्रस्थापित वर्गाशी साटंलोटं, आणि कायद्याचा वा नीतीचा विधिनिषेध न ठेवता केलेली हिंसा जिला पवित्र मानलं जातं. हे सगळं एकत्र आलं तर.

याच पॅक्स्टन यांनी अनेक वर्षं ट्रम्प यांना हा शब्द लावायला नकार दिला होता. ६ जानेवारी २०२१ला अमेरिकेच्या संसदेवर जमाव चालून गेला, त्यानंतर त्यांनी आपली हरकत मागे घेतली. काही अभ्यासकांना ते पटलं नाही. कोण बरोबर, यात मी आत्ता शिरत नाही. मला आवडलं ते हे की त्यांच्याजवळ एक कसोटी होती, आणि मत बदलताना कोणत्या घटनेने बदललं हे ते दाखवू शकत होते.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो. १९७५ साली मी नुकताच शिकवायला लागलो होतो. आणीबाणीत सरकार आणि त्याला पाठिंबा देणारा कम्युनिस्ट पक्ष जयप्रकाशांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत होते. तुरुंगातले आणि भूमिगत असलेले लोक सरकारला फॅसिस्ट म्हणत होते. एकच शब्द, दोन्ही बाजूंना. कसोटी लावली तर काय दिसतं? वृत्तपत्रांवर बंधनं आली, हजारो माणसं खटल्याशिवाय डांबली गेली, सक्तीने नसबंद्या झाल्या. हे भयंकरच होतं. कुऱ्हाड शहरात आली होती. पण मोळी नव्हती. रस्त्यावर उतरणारे गणवेशातले जथे नव्हते, शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडणारा उन्माद नव्हता. आणि १९७७च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, सरकार हरलं आणि खाली उतरलं. ती हुकूमशाही होती. ‘फॅसिझम नव्हता’ असं म्हटल्याने तिचा अपराध कमी होत नाही. उलट तिला तिचं नाव मिळतं. आज आपल्या भाषेत ‘आणीबाणी’ हाच एक पुरेसा धारदार शब्द झाला आहे.

म्हणजे मोळी आणि कुऱ्हाड, दोन्ही पाहायच्या. नुसती मोळी म्हणजे एकी, तिच्यात वाईट काही नाही. सिसिलीच्या मजुरांकडेही ती होती. नुसती कुऱ्हाड म्हणजे जुलूम, तो राजेरजवाड्यांपासून चालत आलेला आहे. लोक आपण होऊन, उत्साहाने, स्वतःच्या एकीतच कुऱ्हाड खोचून घेतात आणि मोळीत न बसणाऱ्या काटक्यांवर ती चालवतात, तेव्हा या शब्दाची वेळ येते. ‘एकीचे बळ’ गोष्टीत म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारलेला नाही : ही एकी कुणाविरुद्ध?

आता त्या गृहस्थांना उत्तर देतो, ते आज आलेले दिसतात. तुमच्या चेअरमननी केली ती मनमानी, दंडेली. मराठीत यासाठी फार चांगले शब्द आहेत. सर्वसाधारण सभेत विषय काढा, उपनिबंधकांकडे तक्रार करा, पुढच्या निवडणुकीत त्यांना पाडा. हे सगळं तुम्हाला करता येतंय, आणि केल्यावर रात्री दारावर ट्रक थांबणार नाही, तोवर हा शब्द राखून ठेवा.

आणि त्या मुलीला सांगतो, बाळ, शब्द टाकू नकोस. मात्तेओत्तींच्या देशात शहाण्या माणसांनी तो वेळेवर उच्चारला नाही. थेलमान आणि ब्राइटशाइड यांच्या देशात तो इतक्यांदा उच्चारला गेला की वेळ आली तेव्हा त्यात ऐकू येण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावात अग्निशमनाची घंटा असते. ती कुणी रोज गंमत म्हणून वाजवली, तर ती काढून टाकायची नसते. वाजवणाऱ्याला समज द्यायची असते, आणि घंटेचा दोर सुस्थितीत ठेवायचा असतो.

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी बोलू.